सहा, तो, आठ

ते साल सदुसष्ट. आमच्या घरात मात्र त्याला कुणी सदुसष्ट म्हणत नसे, 'सहासष्टच्या पुढचं साल' म्हणत. शाळेच्या दाखल्यासाठी बाबा तारखा तोंडी सांगायचे, तेव्हा मास्तर पेन खाली ठेवून म्हणायचे, "अहो, सरळ आकडा सांगा." बाबा ओशाळं हसायचे आणि बोटं दाखवायचे. एका हाताची पाच, दुसऱ्याची दोन.

आमच्या आजोबांची पिढी नदीपलीकडून नावांत बसून आली. आठ नावा निघाल्या होत्या. सहा काठाला लागल्या, आठवी लागली, मधली बुडाली. त्या नावेचा आकडा मग कुणी तोंडात घेतला नाही. मोजताना आम्ही म्हणायचो, सहा, तो, आठ. बाकी आमचं बोलणं चारचौघांसारखंच होतं. तरी शहरातले लोक आम्हाला 'पलीकडचे' म्हणत आणि आम्ही एकमेकांना 'आपल्यातले'. दोन पिढ्या अलीकडे राहूनही पलीकडचेच, याचं तेव्हा कुणाला हसू येत नसे.

गावात बटणांचा कारखाना होता. खाली रंगखातं, वर निवडणीचं दालन. खाली उकळत्या रंगाची पिंपं आणि नाकात झोंबणारी वाफ. वर उंच खिडक्या, लांब टेबलं, पांढरे ॲप्रन. खाली सगळे आपल्यातले. त्यांना कामाला लावायचे ते मामा. मामा आमचे कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणे. ते रंगखात्याचे मुकादम होते. पोरगा हाताशी आला की आई त्याला आंघोळ घालून, भांग पाडून मामांच्या दारात उभा करायची. मामा त्याला वरपासून खालपर्यंत पाहायचे आणि म्हणायचे, "सोमवारी पाठव." आमच्या गल्लीत हाच नोकरीचा अर्ज.

वरच्या दालनात आपल्यातलं कुणीच नव्हतं. एक मी सोडून.

मी तिथे शाळेतल्या बाईंच्या चिठ्ठीवर लागले. मुलगी हुशार, अक्षर सुंदर, डोळे तीक्ष्ण, असं बाईंनी लिहिलं होतं. कारकुनाने विचारलं, "राहायला कुठे?" मी रस्त्याचं नाव सांगितलं. त्या रस्त्याला दोन टोकं आहेत आणि आम्ही दुसऱ्या टोकाला राहतो, हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मामांनी मला फाटकाबाहेर गाठलं आणि हळूच म्हणाले, "वर तू मला ओळखत नाहीस, खाली मी तुला ओळखत नाही. कळलं?" तेव्हा मला वाटलं, किती काळजी करतात आपली. तीन वर्षं आम्ही अंगणातून एकमेकांशेजारून गेलो, परक्यासारखे.

वरचं काम सोपं, पण डोळ्यांचं. पाटीत ओतलेली बटणं निवडायची. दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी, टवका उडालेली बाजूला. मग बारा-बारा मोजून पुठ्ठ्यावर टाचायची. माझ्या शेजारच्या स्टुलावर ठेंगणी बसायची. हे नाव तिने स्वतःच घेतलं होतं. माझ्याहून हातभर बुटकी असल्यामुळे पहिल्याच दिवशी म्हणाली, "मी ठेंगणी, तू लंबू. आता दुसऱ्या कुणी नावं ठेवायला नकोत." माझ्याहून वयाने मोठी, एका मुलाची आई. ती शहरातली, पिढ्यानपिढ्यांची. तिच्या नात्यातला प्रत्येक कचेरीत एखादा तरी बसलेला. कुणाला चिठ्ठी हवी, कुणाला दाखला हवा, ठेंगणी म्हणायची, "थांब, माझ्या आतेच्या दिराला सांगते."

तिच्यापाशी माझं गुपित फुटलं ते असंच, दमणुकीतून. दिवसाची शेवटची पाटी होती. मी तोंडातल्या तोंडात मोजत होते आणि पुटपुटले, "सहा, तो, आठ."

ठेंगणीचे हात थांबले. "तो कोण गं?"

"कोण तो?"

"मला काय विचारतेस? तूच म्हणालीस. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजावं तशी. लग्न तर झालं नाही तुझं."

मी हसले, पण चेहरा उतरला असणार. तिने स्टूल जवळ ओढलं. मी तिला सांगून टाकलं, बुडालेल्या नावेचं, आकड्याचं, रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचं. ती थोडा वेळ बटणं चाळत राहिली. मग म्हणाली, "बरं. माझ्या पोटात राहील." त्यानंतर पुठ्ठ्यावर सातवं बटण टाचताना ती मला कोपराने ढोसायची आणि कुजबुजायची, "तुझे 'ते' आले बघ." माझ्या आयुष्यात त्या आकड्यावर हसणारी ती पहिलीच. आणि मला राग येत नव्हता, हे त्याहून नवल.

हे झालं थंडी सरता सरता. पावसाळा संपला तसा कारखान्यात एक नवा प्रकार सुरू झाला.

निवडणीसाठी मुली आल्या की कारकून त्यांना टेबलाच्या टोकाशी आणायचा, मूठभर बटणं पुढे टाकायचा आणि म्हणायचा, "बारा मोजून दाखव. मोठ्याने." पूर्वी नुसते डोळे तपासत. पहिल्या दिवशी मला काही वाटलं नाही. दुसऱ्या खेपेला आमच्या गल्लीतली, शिंप्याची मुलगी आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मी तिच्याकडे पाहिलं नाही. सहापर्यंत ती छान मोजत गेली, मग क्षणभर अडखळली, आणि मग म्हणाली, "सात". कारकुनाने कागदावर खूण केली. "कळवू." तिला कधीच काही कळवलं नाही. त्या दोन महिन्यांत आपल्यातल्या तीन मुली आल्या आणि तिघी परत गेल्या.

कुणीतरी वर सांगितलं होतं. आणि वरच्या मजल्यावर ते ठाऊक असलेलं माणूस एकच होतं.

संशयाचं एक असतं. एकदा तो घरात आला की सगळ्या वस्तू आपल्या जागेवरून थोड्या सरकलेल्या दिसतात. ठेंगणी पूर्वीही कारकुनाशी बोलायची, पण आता मला ते दिसायला लागलं. एकदा जिन्याच्या वळणावर ती त्याच्याशी अगदी हळू आवाजात बोलत होती. मी वर चढले तशी गप्प झाली.

"काय चाललं होतं?" मी विचारलं.

"काही नाही गं. लांबच्या नात्यातला आहे तो. मावशीच्या सासरकडचा."

"कशाबद्दल बोलत होतात?"

"तुझ्या लग्नाबद्दल," ती म्हणाली आणि हसली.

मी नाही हसले. पूर्वी हसले असते.

घरी त्याच दिवसांत धाकटीचा प्रश्न उभा होता. धाकटी म्हणजे माझी बहीण. तिला अठरावं लागलं होतं, शाळा संपली होती. आई नव्हती. बाबांनी रंगखात्यात बावीस वर्षं काढली होती आणि आता ते घरीच असायचे, खोकत. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे-जांभळे झालेले होते. साबण लावा, राख लावा, रंग जायचा नाही. नखांच्या मुळाशी तर काळी रेघच बसली होती. धाकटीचे हात आईसारखे, लांबट आणि निगुतीचे. एका रविवारी मामा आले आणि म्हणाले, "पहिल्या तारखेपासून पिंपावर एक जागा आहे. धाकटीला देतो." बाबांनी मान हलवली. मामा गेल्यावर मात्र मला जवळ बोलावून म्हणाले, "तिचे हात आहेत तसे राहू देत. तुझ्याकडे वर बघ काही होतं का."

पहिल्या तारखेला तीन आठवडे होते. धाकटीने माझी बहीण म्हणून यायचं नाही, परकी म्हणून यायचं, असं आम्ही ठरवलं. चिठ्ठी शाळेतल्या बाईंचीच मिळाली. राहिला तो आकडा.

"म्हण. सहा, सात, आठ."

"सहा... ताई, जीभ जड होते."

"होऊ दे. म्हण."

"सहा, स्सात, आठ."

"एवढा जोर नको. चावा घेतल्यासारखं म्हणतेस. पाच कसं म्हणतेस, तसं म्हण."

"पाचाने काय वाईट केलंय आपलं?" धाकटी म्हणाली. आत बाबा खोकले. खोकला खरा की मुद्दामचा, हे आमच्या घरात कधी कळायचं नाही.

पोरगी हट्टाची होती. जिन्याच्या पायऱ्या मोजायची, ताटं मोजायची, कपड्यांचे चिमटे मोजायची. एक दिवस बाजारात जाऊन भाजीवाल्याला ठणकावून म्हणाली, "सात लिंबं द्या." उजव्या हातात पिशवी, डाव्या हाताची घट्ट मूठ, गाल लाल, अशी धावत घरी आली. "आणली. सात." आम्हाला लिंबं दोनच हवी होती. आठवडाभर आम्ही सगळ्यावर लिंबू पिळलं. आठवड्याच्या शेवटी ती तो आकडा असा म्हणू लागली की तिच्या बोलण्यावरून कुणी काही ओळखलं नसतं.

धाकटीला वर आणता आलं तर बरं, हे मी ठेंगणीला सांगून बसले होते, कारण संशय येण्याआधीच धाकटीचा विषय निघाला होता. आता मला पश्चात्ताप व्हायचा. ती विचारायची, "कधी येणार तुझी बहीण?" मी म्हणायचे, "बघू." ती पुन्हा विचारायची, "अगं, वार तरी सांग." आणि मी मनात म्हणायचे, वार कशाला हवा गं तुला? शेवटी एकदा तोंडातून निघून गेलं, "पुढच्या गुरुवारी."

त्याच दुपारी ती पुन्हा कारकुनापाशी गेली. मी माझ्या जागेवरून काचेच्या दारातून पाहत होते. तो मान हलवत होता. ती बोटाने कागदावर काहीतरी दाखवत होती. माझे हात पाटीत चालू होते आणि डोळे दारावर होते. त्या दुपारी माझ्या हातून दोन भोकांच्या पेटीत चार भोकांची बटणं गेली.

ती पेटी चार दिवसांनी परत आली. शिवणखान्याच्या मालकाने चिठ्ठी पाठवली होती, जरा खोचक. चष्मेवाल्या बाई आमच्या टेबलाशी आल्या. निवडणीचं सगळं दालन त्यांच्या हाताखाली. त्या कधी ओरडत नसत, चष्म्यावरून पाहत. पेटीवर माझी आणि ठेंगणीची अशा दोघींच्या खुणा होत्या. ती पाटी आम्ही वाटून घेतली होती.

"कुणाची चूक आहे?" बाईंनी विचारलं.

ठेंगणी म्हणाली, "मला आठवत नाही, बाई."

तिला खरंच आठवत नव्हतं. मला आठवत होतं. मी म्हणाले, "मी त्या दिवशी दोन भोकांचीच घेतली होती."

हे खरं होतं. मी दोन भोकांचीच घेतली होती. त्यात काय मिसळलं, ते मी सांगितलं नाही. बाईंनी ठेंगणीकडे पाहिलं. ठेंगणीने माझ्याकडे पाहिलं. एवढंच. महिनाअखेरीला ती टेबलप्रमुख होणार होती, तसा कागदही लिहून तयार होता, हे सगळ्या दालनाला ठाऊक होतं. सोमवारी तिला खाली पाठवलं, रंगवलेली बटणं पसरून वाळवतात त्या अंगणात. आपल्यातली नसलेली ती पहिलीच खाली गेली. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण गुरुवारी ती वर नसेल, याचं बरं जास्त वाटलं.

गुरुवारी धाकटी आली. माझाच निळा सदरा अंगात, वेणी घट्ट. माझ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. कारकुनाने बटणं टाकली.

"बारा मोजून दाखव. मोठ्याने."

"एक, दोन, तीन," धाकटी म्हणू लागली. उजव्या हाताने बटणं सरकवत होती, डावा हात बाजूला सोडलेला. "चार, पाच, सहा, सात, आठ." कुठे अडली नाही, कुठे जोर नाही. पाचासारखाच सात. मी श्वास सोडला.

आणि मग मला दिसलं की कारकून तिच्या तोंडाकडे पाहतच नव्हता. तो किंचित वाकून तिच्या डाव्या हाताकडे पाहत होता. सात म्हणताना त्या हाताचा अंगठा मुठीत गेला होता आणि चारही बोटांनी तो दाबून धरला होता. आठ म्हटल्यावर ती मूठ आता सैल होत होती. त्याने कागदावर खूण केली.

"कळवू."

मी खाली माझ्या मांडीकडे पाहिलं. माझा अंगठाही मुठीत होता.

अंगठ्याचं मला तोवर ठाऊकच नव्हतं. खरंच सांगते. बाबांना मी हजारदा पाहिलं असेल, बाहेरच्या माणसापुढे तो आकडा बोलायची वेळ आली की आधी अंगठा आत घालून मूठ आवळायचे, मग बोटं दाखवायचे. आजीही आवळायची. बुडत्याचा हात धरावा तशी. आम्ही ते बघत बघत शिकलो आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही. जे मलाच ठाऊक नव्हतं, ते मी ठेंगणीला कसं सांगणार? शहरातल्या माणसाला ते कितीही जवळ बसून कळलं नसतं. ते सांगणारा आपल्यातलाच होता.

मी मान वर केली तर चष्मेवाल्या बाई माझ्या मुठीकडे पाहत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि दुसऱ्या टेबलाकडे निघून गेल्या.

जेवणाच्या सुट्टीत मी खाली रंगखात्यामागे गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा. वाळवणीच्या अंगणात लांब चाळण्या मांडलेल्या होत्या आणि ठेंगणी ओली बटणं फळीने पसरत होती. चार दिवसांतच तिची बोटं पेरांपर्यंत निळी झाली होती.

"झालं का तुझ्या बहिणीचं?" तिने मान वर न करता विचारलं.

"नाही झालं."

"मला वाटलंच." तिने फळी ठेवली. "मी त्याला सांगून ठेवलं होतं. गुरुवारी एक मुलगी येईल, तिला मोजायला लावू नकोस, डोळे तपास आणि घे. तो म्हणाला, कुणाची शिफारस म्हणून लिहू? मी म्हटलं, माझी लिही, महिनाअखेरीला टेबलप्रमुख होतेय. कागदावर रकाना दाखवला मी त्याला, इथे लिही म्हणून." ती थांबली. "आता वाळवणीतल्या बाईची शिफारस कोण लिहून घेतो?"



"मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं.

"तू घाबरून तिला आणलंच नसतंस. नक्की झालं की सांगू म्हटलं." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "ती पेटी तुझीच होती ना?"

"हो."

"ते कळलं होतं मला. का ते कळलं नव्हतं."

मी तिला सांगितलं का ते. जिना, काचेचं दार, कुजबुज. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हसली, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं.

"म्हणजे तीन वर्षं शेजारी बसून मी तुझ्या लेखी पलीकडचीच," ती म्हणाली. फळी उचलून ती पुन्हा बटणं पसरायला लागली. पाठमोरी झाल्यावर म्हणाली, "चार दिवस विचार करतेय. अजून सात दिवस केला असता तरी मला सुचलं नसतं. सात. बघ, मला म्हणता येतं."

संध्याकाळी मामा घरी आले. धाकटी परत आली हे त्यांना आधीच कळलं होतं. चहा समोर ठेवून मी सरळ विचारलं, "मामा, अंगठ्याचं कुणी सांगितलं वर?"

ते दचकले नाहीत. बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"पावसाळ्यानंतर खाली दहा माणसं लावली मी," ते म्हणाले. "आधी साहेब दोनच घेणार होते. दहा घ्यायची तर त्यांना काहीतरी द्यावं लागतं. माझ्याजवळ द्यायला काय होतं? त्यांना भीती होती की आपली माणसं गुपचूप वर येतील. म्हटलं, नाही येणार, मी ओळखायची खूण देतो. दहा घरांत चूल पेटली. त्यातलं एक घर तुझ्या चुलतभावाचं."

"आणि वर गेलेल्या पोरींचं काय?"

"वर गेलेलं पोर खाली ओळख देत नाही, पोरी."

"ओळख देऊ नकोस असं तुम्हीच सांगितलं होतं मला."

"तुझं नाव नाही सांगितलं मी. एवढं लक्षात ठेव." ते बाबांकडे वळले. "पहिल्या तारखेची जागा अजून आहे. पाठवा तिला."

बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी हात पुढे करून समोरच्या पाटावर ठेवला, निळा, उपडा, पाचही बोटं पसरून.

"मामा, माझ्याबरोबर पिंपावर किती जण लागले होते, आठवतं?"

"असतील पाच-सहा."

"सात," बाबा म्हणाले. हात पाटावर तसाच, अंगठा बाहेर. "सात जण होतो. आता मी एकटा आहे."

मामांनी बशी खाली ठेवली. चहा अर्धा राहिला. ते गेल्यावर बाबांना जो खोकला लागला, तो खरा होता.

दुसऱ्या दिवशी मी चष्मेवाल्या बाईंच्या खोलीत गेले आणि सांगितलं की पेटी माझी होती. बाईंनी दार लोटून घेतलं.

"नोंद झाली आहे," त्या म्हणाल्या. "बदलायची तर मला कारण लिहावं लागेल. तू तेव्हा खोटं का बोललीस, ते लिहावं लागेल. मग काल मी जे पाहिलं तेही लिहावं लागेल. लिहू?"

मला घरचं दिसत होतं, बाबा, धाकटी, आणि माझ्या एकटीवर चालणारं स्वयंपाकघर.

"नको," मी म्हणाले, आणि माझ्या स्टुलावर जाऊन बसले. शेजारचं स्टूल रिकामं होतं.

हे मी पुढे कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या तारखेला धाकटी खाली गेली. बाबा नको म्हणत होते, तिने ऐकलं नाही. पण पिंपावर ती एक दिवसही उभी राहिली नाही. पहिल्याच सकाळी वाळवणीतून एक बुटकी बाई आली आणि मुकादमाला म्हणाली, "मला हाताखाली मुलगी हवी. ही द्या." मामांनी माझ्या बाबांच्या हाताकडे पाहिलं होतं, म्हणून असेल, त्यांनी देऊन टाकली. धाकटीने घरी येऊन सांगितलं, ठेंगणीने तिला जुन्या चामड्याचे हातमोजे दिले आणि बजावलं, "तुझ्या बहिणीसाठी नाही हं हे. तुझी बोटं चांगली आहेत म्हणून."

बाबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. शेवटपर्यंत तो आकडा त्यांनी पुन्हा उच्चारला नाही.

मामा बरेच जगले. त्यांच्या अंत्ययात्रेला सगळी गल्ली होती, शिंप्याची मुलगीही होती. मीही गेले. त्यांनी लावलेल्या माणसांची गणती कुणीतरी तिथेच करायला लागला आणि सहावर जाऊन थांबला.

कारकून बढती मिळून दुसऱ्या शहरात गेला. मोजून घ्यायची पद्धत त्याच्यामागे दोन वर्षं चालली, मग कुणाला तिचं कारण आठवेना म्हणून बंद पडली. चष्मेवाल्या बाई निवृत्त झाल्या, त्या दिवशी आम्ही त्यांना शाल दिली. बोलायला उठल्या आणि म्हणाल्या, या दालनात मी पंचवीस वर्षं काढली, अधिक दोन. सत्तावीस म्हणाल्या नाहीत. माझी नजर त्यांच्या हाताकडे गेली, पण हात शालीखाली होते.

धाकटीने वाळवणीत अकरा महिने काढले, टंकलेखन शिकली, आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एकाशी लग्न करून दूर गेली. तिची नात आता मुलाखतींना जाते. फोनवर मला विचारते, "आजी, आपण नक्की कुठले म्हणून सांगायचं गं?" मी म्हणते, विचारतील तेवढंच सांग. मग फोन ठेवल्यावर वाटतं, विचारलं तेवढंच सांगून तर मी हे सगळं करून ठेवलं.

कारखाना बंद पडला तेव्हा मी टेबलप्रमुख होते. ती जागा माझी नव्हती.

ठेंगणीने खाली सहा वर्षं काढली आणि मग मुलाकडे राहायला गेली. मी तिला दोन पत्रं लिहिली. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याला एक पोस्टकार्ड आलं, तीन ओळींचं. गुडघे दुखतात, नातू झाला, लंबू तू कशी आहेस. वर कोपऱ्यात तिने तारीख घातली होती. आकडा नव्हता. लिहिलं होतं, 'तो मार्च'.

कार्ड माझ्या पेटीत आहे. मधूनमधून काढते आणि बघते. तिने मला माफ केलं की टोमणा मारला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.